अर्धा आटा

परभणीत स्टेशन रोडला, सायकलच्या दुकानाला लागून,
चाऊस उस्तादांचं शटर कायम अर्धंच वर.
आत एक बल्ब, एक भिंग, परवान्याची तडकलेली काच
आणि फरशीवर पांढरी चादर,
पडलेला स्क्रू दिसावा म्हणून.
चौदा वर्षं मी त्या चादरीवर रांगतोय.

निवडणूक सरली की लोक ठाण्यातून हत्यारं सोडवून आणतात.
कुणाची मूठ हलते, कुणाची स्प्रिंग बसलेली,
कुणाचा चाप आळशी झालेला.
उस्ताद म्हणतात, हत्यार गंजानं मरत नाही बेटा,
ढिलाईनं मरतं.
मग चहा येतो, आणि ते वाक्य तिथंच राहतं.

कुंटूरकरबाई आल्या मार्चच्या दुपारी.
बाजाराची पिशवी, वर मेथी, मेथीखाली टॉवेल, टॉवेलात ते.
नवरा मानवतच्या जिनिंगमध्ये कॅशियर,
रोकड न्यायची म्हणून परवाना.
पौषात गेला, झोपेतच.
"ठाण्यात जमा करायचंय. पण वाजतंय बगा.
असं खुळखुळं कसं न्यावं?
ह्यांना हिशेबात एक पैसा हललेला चालायचा नाही."

उस्तादांनी आधी सहाही घरं रिकामी बघितली,
पुन्हा बघितली, मग मला दाखवली.
घोड्याचा स्क्रू नव्हता.
"पडला असंल," मी म्हणालो.
भिंग सरकलं.
"गिरा नहीं. काढलाय.
भोकाभोवती ओरखडे बघ, सगळे एकाच अंगाला.
डावखुऱ्या माणसाचे."

बाईंनी डाव्या हातानं पदराची गाठ सोडली.
बटनांची डबी.
डबीत कोटाची दोन बटनं, एक हूक, एक स्क्रू.

"जिनिंगला आग लागली त्या साली.
चौकशी चालू व्हती. हे रातचे उठून बसायचे,
मांडीवर हे घेऊन. बोलायचे नाहीत.
मी शिलाई मशीनच्या पेचकसानं काढला.
सव्वीस वर्षं झाली.
लेकीच्या लग्नात बी डबी कमरेला व्हती."

उस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत.
बोट घोड्याच्या तोंडावर फिरवत राहिले,
जिथं गोळीला टोचणारी नोक असते.
तिथं सपाट होतं.
कानशीनं घासलेलं, नीट, सावकाश,
हिशेबी माणसानं घासावं तसं.
आणि त्यावर गंज,
ओरखड्यांतल्या गंजाहून काळा, जुना.

"बाई," उस्ताद म्हणाले, "हे तुमच्या आधीचं आहे."

शेजारी कुणीतरी ट्यूबमध्ये हवा भरत होतं.
बाई त्या पंपाकडं बघत होत्या.
"म्हंजी त्या राती..."
"त्या राती ह्याला दात नव्हता."
"मग घेऊन कामून बसायचे?"
ह्याचं उत्तर उस्तादांच्या कुठल्याच खणात नव्हतं.
त्यांनी खण उघडून बघितला मात्र.

स्क्रू तोच बसवला. तेलाचा थेंब, चार आटे,
शेवटचा आटा श्वास रोखून.
हलवून दाखवलं. आवाज नाही.
वहीत लिहिलं: स्क्रू जुनाच, मजुरी वीस रुपये.
फुकट दिलं असतं तर बाईंनी नेलं नसतं.

बाईंनी कानाशी धरलं, हलवलं.
पुन्हा हलवलं.
रात्री कूस बदलताना ट्रंकेतून जे ऐकू यायचं,
ते शोधत होत्या बहुतेक. मला तसं वाटलं.
मग टॉवेल अर्धा गुंडाळून थांबल्या.
"उस्ताद, अर्धा आटा ढिला करून देता?"

चाळीस वर्षांत त्या माणसानं
एकही गोष्ट मुद्दाम ढिली केली नव्हती.
माझ्याकडं बघितलं. पेचकस उचलला.
उलटा फिरवला.

दुसऱ्या दिवशी पावतीची नक्कल दाखवायला आल्या.
हवालदाराचं अक्षर गिचमिड:
"रिव्हॉल्वर नग एक, जुने, बिनकामाचे.
हलवल्यास वाजते."
बाईंनी ती घडी घालून बटनांच्या डबीत ठेवली.
डबी आता वाजत नव्हती.